दोघांचं मिळून शंभर

मोजायचा कप आणायचा नाही, असं मल्लाप्पानं ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

चंदन, त्याचा मुलगा, मोबाइल हातात धरून उभा होता. "अण्णा, दहा मिनिटांत दारात येतोय. त्याच्यावर मिलीचे आकडे छापलेले असतात."

"माझ्या डोक्याला बुरशी आली की मग आण," मल्लाप्पा म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. सगळी हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काट्यापाशी गेलेली. शाळा चौथीत सुटली (सुटली म्हणजे मास्तरांनीच सोडवली, खुर्चीला खाजकुइली चोळणारं कार्टं कोण, याचा शोध त्यांना अखेर लागला होता). पण वजनमापाची कोडी घालण्यात हा माणूस मोठमोठ्यांना रडवायचा. "नऊ पुड्या हायत, आठ सारख्या, एक हलकी. काटा दोनदाच वापरायचा. हलकी कुठली सांगा बघू?" असं विचारायचा आणि समोरच्याला घाम फुटला की टाळ्या पिटायचा. बंगळूरला, बनशंकरीत, मुलाकडं राहायला आल्यावर त्यानं वॉचमनला सोडलं नाही, देवळातल्या भटजींना सोडलं नाही. भाजीवाला तर मल्लाप्पा लांबून दिसला की तागडी गोणपाटाखाली लपवायचा. अशा घरात आकडे छापलेला कप आणायचा? त्यापेक्षा मिशी काढलेली बरी.

मोजायचं होतं पाणी. ठकूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दिवसाकाठी प्यायचं.

ठकूबाईच्या किडन्यांनी राजीनामा दिला होता. जयनगरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा तिला मशीनला जोडायचे आणि अंगातलं पाणी काढायचे. मधल्या दिवसांत जे पोटात जाईल ते अंगातच साठायचं. पायाला सूज, छातीत घरघर. म्हणून डॉक्टर श्रीहर्षनी बजावलं होतं, "अज्जी, सकाळी चारशे मिली, संध्याकाळी चारशे. चहा, आमटी सगळं त्याच्यातच. वर एक थेंब नाही." एप्रिल महिना होता. त्या उन्हात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसत होते, आणि ठकूबाईला थेंब मोजून.

आता त्यात निपाणीची भर पडली. तिकडं तिची थोरली अक्का अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर या अक्कानंच ठकूला वाढवलेलं. "ठकीला एकदा बघू द्या, मग मी मोकळी," असा तिचा निरोप आला होता. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी मशीन झाल्यावर जे वजन असेल, ते सोमवारपर्यंत दोन किलोच्या आतच वाढायला पाहिजे. मग जाऊन या. त्याच्यावर गेलं तर बसमध्ये दम लागेल, आणि बसमध्ये मी नसतो."

"सरी," मल्लाप्पा म्हणाला. (सरी म्हणजे बरं. बंगळूरला येऊन एवढं कन्नड त्यानं नव्यानं शिकून घेतलं होतं. निपाणीचं कन्नड इथं कुणी ऐकलं की हसायचं.)

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरात मांड मांडली. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची. तेवढंच पाणी मावणारा एक तांब्या त्यानं शोधून काढला. एक पेला निघाला तीनशेचा. पाचशे आणि तीनशे. यातून चारशे काढायचे. मल्लाप्पाच्या डोळ्यांत वखारीतली जुनी चमक आली.

"बघ हं ठके. तांब्या भरला. पेल्यात ओतला. तांब्यात राहिले दोनशे. पेला केला रिकामा. ते दोनशे घातले पेल्यात. तांब्या परत भरला. आता पेल्याला हवेत फक्त शंभर. ओतले! तांब्यात किती ऱ्हायले?"

ठकूबाई पाटावर बसून त्या इकडून तिकडं जाणाऱ्या पाण्याकडं बघत होती. जिभेनं ओठ ओले करत म्हणाली, "अवो, किती का असंना, द्या की. पाणी प्यायला मुहूर्त लागतोय व्हय ह्या घरात?"

"चारशे!" मल्लाप्पानं टाळी वाजवली.

सून निधी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून नुकतीच आली होती. ती पुण्याची, हिशेबाला पक्की. म्हणाली, "अण्णा, सॉरी हं, पण पाचशे आणि तीनशे मिळून आठशेच ना? दोन्ही सकाळी भरून ठेवा, दिवसभराचा कोटा झाला. सकाळी तांब्या, संध्याकाळी पेला."

मल्लाप्पानं तांब्या आपल्याकडं ओढून घेतला.

"डॉक्टर काय म्हणाला? चारशे आणि चारशे," तो म्हणाला. "शिकलेल्या लोकांचं हेच. सोपं करून टाकतात सगळं."

या खटाटोपात दर वेळी पेलाभर, पेलाभर असं पाणी बाजूला पडायचं. टँकरच्या दिवसांत ते मोरीत कोण ओतणार? मल्लाप्पानं ते एका मडक्यात साठवलं. "हे माझं प्यायचं," तो निधीला म्हणाला. "मी न्हाई प्यालो तर कढीपत्त्याला घाल."

पण प्यायला बसला की समोर ठकूबाई. पेला त्याच्या ओठांकडं जायचा तसे तिचे डोळे पेल्याबरोबर वर जायचे. मल्लाप्पानं पेला खाली ठेवला. मग दाराआड जाऊन प्यावं म्हटलं, तर घशातून गटगट असा आवाज झाला आणि आतून ठकूबाई खाकरली. त्यानं तो नादच सोडला. चूळ भरायची, चहाचे दोन घोट घ्यायचे, बस. कोरड्या घशाखाली भाकरी उतरेना, तर म्हणायचा, "उन्हाळ्यात भूक मरती."

मडकं मात्र रोज रिकामं व्हायचं. मल्लाप्पाला वाटायचं, सुनेनं झाडाला घातलं. सुनेला वाटायचं, अण्णा प्याले. कढीपत्ता वाळून चालला होता, पण उन्हाळ्यात झाडं वाळतातच.

राहता राहिलं वजन. घरात निधीचा काचेचा काटा होता, पलंगाखाली धूळ खात पडलेला (तिच्या डाएटबरोबर तोही थकला होता). पण ठकूबाईला सुजलेल्या पायांवर एकटीला उभं राहता येईना. हात धरावा तर वजन हाताला जाणार.

"सोप्पं हाय," मल्लाप्पा म्हणाला. "मी तुला पाठुंगळीला घेतो. दोघांचं मिळून वजन करायचं. त्यातनं माझं वजा. राहील ते तुझं."

"ह्या वयात? शेजारची धनलक्ष्मी गॅलरीतनं बघतीय की!"

"बघू दे. तिच्या नवऱ्याला ती पेलायची न्हाई म्हणून जळतीय."

शुक्रवारीच त्यानं आपलं वजन घेतलं: अठ्ठावन्न. ठकूबाईचं दवाखान्यातलं एक्केचाळीस. पाठुंगळीला घेऊन काट्यावर चढला, नव्याण्णव. "काटा खरा!" तो ओरडला. तिला खाली ठेवताना त्याला आठवलं, लग्नात हिला उचलून घेतलं तेव्हा मित्रांनी दोघांना धरून ठेवलं होतं, इतकी ती जड होती.

शनिवारी नव्याण्णवच्या किंचित वर. रविवारीही तेवढंच. आणि सोमवारी सकाळी, बरोबर शंभर.

"शंभरातनं माझे अठ्ठावन्न गेले, बेचाळीस! एकच किलो वाढलीस ठके! निपाणी!"

चंदननं रात्रीच्या बसची तिकिटं काढली. अक्कासाठी लुगडं आणि दात नसले तरी विरघळेल असा म्हैसूरपाक पिशवीत गेला. ठकूबाई खुर्चीत बसून होती. "अवो, दम लागतोय जरा."

"आनंदानं लागतोय. तोंड बघ कसं भरून आलंय. माहेरचं नाव काढलं की बायकांचं असंच."

दवाखान्यात सोनम नावाच्या सिस्टरनं ठकूबाईला वजनाच्या खुर्चीवर बसवलं. चव्वेचाळीस.

"तुमची खुर्ची खोटी हाय!" मल्लाप्पा गरजला. "मी जन्म काढलाय काट्यावर!"

"मग तुम्हीच बसून बघा, अज्जा."

बसला. छप्पन्न.

"बघा! माझे अठ्ठावन्न हायत. दोन किलो खाल्ले की तुमच्या खुर्चीनं!"

डॉक्टर श्रीहर्ष आले. त्यांनी खुर्चीकडं बघितलं नाही. मल्लाप्पाच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ बाहेर काढायला लावली. मग हळूच विचारलं, "अज्जा, पोटभर पाणी कधी प्यालात शेवटचं?"

मल्लाप्पा बोटांवर काहीतरी मोजत होता. चव्वेचाळीस आणि छप्पन्न. शंभर. घरचा काटा खोटं बोलला नव्हता. ती तीन किलोनं वाढली होती, तो दोन किलोनं घटला होता, आणि तो रोज जुनेच अठ्ठावन्न वजा करत खुशीत टाळ्या पिटत होता. वखारीतल्या पोऱ्यानंसुद्धा पाटी रिकामी झाल्यावर पाटीचं वजन नव्यानं घेतलं असतं.

"माझंच चुकलं," खाटेवरून ठकूबाई धापा टाकत म्हणाली. "यांच्या मडक्यातलं मी प्याले. रोज. हे पीत न्हवते, मला ठावं हुतं. वाटलं, फुकट जातंय."

"अगं, मला सांगायचंस की!"

"काय सांगायचं? मी मागितलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणाला असता. आणि तुम्हाला 'प्या' म्हटलं असतं तर ते बघायला लागलं असतं." ती थांबली. "तहान लई वाईट असती हो."



दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं. ठकूबाईच्या अंगातून पाणी काढणं चाललं होतं, मल्लाप्पाच्या अंगात सलाईन चढवणं. मधे सोनम दोन्हीकडं बघत उभी.

"सिस्टर," मल्लाप्पा म्हणाला, "एकच नळी हिकडनं तिकडं लावा की. एवढं मशीन कशाला?"

सोनमनं हसू दाबलं. ठकूबाईला मात्र दाबता आलं नाही. हसता हसता खोकला आला आणि खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. ते पाणी कुणी मोजलं नाही. मग तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. "अक्काला फोन करून सांगा," ती म्हणाली. "वाट बघू नको म्हणावं."

मल्लाप्पानं सलाईन नसलेला हात लांब करून तिच्या खाटेची कड धरली. तेवढंच पोचत होतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. ठकूबाईची छाती तपासली, बराच वेळ तपासली. "आज जादा वेळ ठेवून पाणी पूर्ण काढलंय. उद्या सकाळी छाती अशीच साफ राहिली तर अज्जीला रात्रीच्या बसनं जाऊ दे. एक दिवस राहायचं आणि परत. अक्काची तब्येत थांबणार नाही, मला माहितीय."

मल्लाप्पा उठूनच बसला. "डॉक्टर, तुमच्या तोंडात साखर पडो! मी सगळी अट पाळतो. सांगा फक्त."

"अट स्वल्पच आहे, अज्जा. तुम्ही जायचं नाही."

"आँ?"

"तुमची लघवी अजून नीट सुटलेली नाही. आणि दुसरं, अज्जीच्या आसपास न प्यालेलं पाणी ठेवणारा माणूस मला नको."

मंगळवारी रात्री चंदन आईला घेऊन गेला. मल्लाप्पा गॅलरीत उभा राहून रिक्षा वळेपर्यंत हात हलवत होता. धनलक्ष्मी बघत होती, पण त्यानं तिला काही टोमणा मारला नाही. निधीनं त्याच्यापुढं पाण्याचा जग ठेवला. समोर कुणीच नव्हतं, तरी त्याला तो भिंतीकडं तोंड करूनच प्यावा लागला.

बुधवारी दुपारी चंदनचा व्हिडिओ कॉल आला. निपाणीच्या माजघरात अक्का उशीला टेकून बसली होती आणि ठकूबाईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत होती, कपाळ, गाल, हनुवटी, परत कपाळ. मल्लाप्पा मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघत राहिला. जवळ धरला की सगळं धूसर होत होतं.

मग अक्काला एकदम काहीतरी सुचलं. तिनं मान वळवून दाराकडं बघितलं आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "आणि तो मल्लाप्पा कुठाय गं? आला न्हाई?"

ठकूबाई तिच्या कानाशी वाकली आणि अख्ख्या माजघराला ऐकू जाईल असं ओरडली, "वजनात कमी भरले, अक्का! ठेवून आले त्यांना!"