एल घेऊ, का ओ?

"संघाच्या नव्या पँटींचं माझ्यावर सोडा!" मित्सुएने छातीवर हात मारून सांगितलं. "एवढी वर्षं संसार केला, नवऱ्याची पँट एकदाही बदलून आणावी लागली नाही!"

बंदर आळीच्या बायकांच्या सॉफ्टबॉल संघात मित्सुए चणीने सगळ्यात लहान आणि आवाजाने सगळ्यात मोठी. कॅप्टन कुसाकाबेबाईंचं टोफूचं दुकान. असल्या छातीठोक बोलण्याचा त्यांनी धसकाच घेतला होता.

"बघ हं बाई. रविवारी टेकडी आळीशी सामना आहे. हरणाऱ्यांनी दोन्ही आळ्यांची गटारं उपसायची. दर वर्षी आपणच उपसतो! पँटींचा घोळ घातलास, तर यंदा तू एकटी उपसशील!"

"घोळ? आणि मी? अहो, जुन्या पँटी मी फरशी पुसायला वाटूनसुद्धा टाकल्या!"

कपड्यांच्या दुकानातल्या तोकुनागा आजोबांचा फोन आला तेव्हा संघ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला सराव करत होता आणि मित्सुए अलीकडे बांधावर होती.

"एल पाठवू, का ओ? ओ म्हणजे एलच्या वरचं माप. लवकर सांग पोरी, गाडी निघालीय!"

मित्सुए ओरडली, "एल घेऊ? का ओ?"

समुद्रावरून नुसता भणाणा वारा सुटला होता. पलीकडे सगळ्या बायकांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठ्ठा गोल केला.

अगंबाई! सगळ्यांनाच ओ? मित्सुएला हसू आवरेना. पण दुसऱ्याच्या कंबरेबद्दल आपण कशाला बोला! एकटीनेच बारीक माप घेतलं तर बिचाऱ्यांना टोचेल, म्हणून तिने स्वतःलाही ओच सांगितली.

"आणि कंबरेचे पट्टे?" आजोबांनी विचारलं.

"पट्टे कशाला? अंगाबरोबर बसणार!"

रविवारी सकाळी मैदानावर खोकं उघडलं. कुसाकाबेबाईंनी पँट उलगडायला घेतली आणि उलगडतच राहिल्या.

"मित्सुए, हा तंबू कुणाचा गं?"

"तुम्हीच गोल करून दाखवलात ना! ओ!"

"अगं शहाणे! 'एल घेऊ?' एवढंच ऐकू आलं, म्हणून 'चालेल' म्हटलं! गोल म्हणजे 'हो' हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

मित्सुएचा चेहरा पडला. पण आता करणार काय? घरी पुसायची फडकी, इथे तंबू! कुणी टाचण्या लावल्या, कुणी टोफूच्या खोक्याची सुतळी कंबरेला आवळली. मित्सुएपर्यंत येईतो सुतळी संपली.

"तू धरून खेळ!" कुसाकाबेबाई कडाडल्या.

ती धरून खेळली. एका हातात पँट, एका हातात ग्लव्ह. टेकडीच्या बायका हसून हसून लोळल्या आणि त्या हसण्यात त्यांचे दोन झेल सुटले! बघता बघता शेवटची पाळी आली, धावा बरोबरीत, तिसऱ्या बेसवर मित्सुए. कुसाकाबेबाईंनी सणसणीत फटका हाणला.

"पळ! गटार आठव नि पळ!"

दोन्ही मुठींत पँट घट्ट धरून मित्सुए सुटली. डोळे मिटून तिने होम प्लेटवर पाय पसरून घसरण मारली. धुरळा उडाला. पंच ओरडले, "सेफ!"

जिंकलो! इतक्या वर्षांनी! मित्सुए धडपडत उठली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. कुसाकाबेबाई लांबून काळजीने ओरडल्या, "मित्सुए! लागलं नाही ना गं? ठीक आहेस?"

एवढा जल्लोष! आपला आवाज तिथवर पोहोचतोय कुठे! मित्सुएने झोकात दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मोठ्ठा गोल केला.

दोन्ही हात!

यंदा गटारं टेकडीच्या बायका उपसताहेत. तक्रार नाही की कुरकुर नाही. फक्त मित्सुए रस्त्याने जाताना दिसली की त्या फावडी खाली ठेवतात, दोन्ही हात डोक्यावर नेतात आणि मोठ्ठा गोल करतात.