मोरूकाकांचा रुमाल

मोरूकाकांच्या खिडकीच्या ग्रिलला बारा महिने एक पांढरा रुमाल बांधलेला असतो. तो वाळत घातलेला नाही, हे आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत नव्याने आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी कळतं. सकाळी सातला बेल वाजते. दारात काका. "खिडक्या लाव रे. मतलई हाय."

मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. काका मूळचे कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती, यांनी मात्र जन्मभर कारकुनी केली. आता तिसऱ्या मजल्यावरून त्या रुमालावर वारा बघतात.

"मतलई रातभर शहराचा धूर दर्यात ढकलतो," ते सांगतात. "दुपारी खारा वारा तोच परत आणतो, वर उन्हात शिजवून. त्यालाच ओझोन म्हणतात. दिसत नाय, छातीत बसतो. म्हणून पहिला झोत शिळा. तो सोडायचा. मागून येतो तो ताजा."

माशाचे कल्ले बघावेत तसे ते वारा हुंगतात, मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो: "ताजा. उघडा." आमच्याकडे पापडसुद्धा या मेसेजवर वाळत पडतात. भर मार्चमध्ये सेक्रेटरींनी गच्चीवर दुपारी तीनचा योगवर्ग ठेवला, तर काकांनी जिन्यातूनच सगळ्यांना माघारी धाडलं.

"काका, आता हवा पण तुमची का?" सेक्रेटरी तडकले.

"कोणाचीच नाय, म्हणून तर हे हाल!"

मीही हसायचो. मग यंदा संक्रांतीला तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेलो. तीन दिवस वारा पडला होता, समोरची बिल्डिंग धुरात पुसट झाली होती. घरात काकी उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांना दमा आहे हे ऐकून होतो, पण एकेक श्वास असा ओढून घ्यावा लागतो हे पहिल्यांदाच पाहिलं. पलंग बरोबर त्या रुमालासमोर होता. वाऱ्याची बातमी खरी कोणासाठी असते ते तेव्हा कळलं. आम्हाला उरलीसुरली मिळत होती. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

"वारा आयला काय वो?" काकींनी विचारलं.

काचेबाहेर रुमाल मेल्यासारखा लोंबत होता. वाऱ्याच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. काका उठले, खिडकीला पाठ लावून उभे राहिले, मागच्या मागे काच वीतभर सरकवली आणि हात बाहेर घालून रुमाल हलवू लागले.

"आयलाय गो. बघ."

काकींनी फडफडणारा रुमाल डोळे भरून पाहिला. "ताजा हाय," त्या म्हणाल्या. मग थोडा दम घेऊन हळूच म्हणाल्या, "आता लावा ती खिडकी. भायेर धूर हाय."