खिडकीचा रकाना

ऑफिस नव्या इमारतीत हलणार होतं आणि कोणाचं टेबल कुठे, ही यादी हेडक्लार्ककडे होती. एकोणीस वर्षं ते बाथरूमच्या दाराला लागून बसले होते. त्यामुळे नकाशातल्या एकुलत्या एका खिडकीपाशी त्यांनी स्वतःचं टेबल टाकलं. पण यादी सगळ्यांना जाणार होती. चोराच्या मनात चांदणं.

सुनेने त्यांना नुकतंच शिकवलं होतं, एक्सेलमध्ये शिफ्ट आणि ऑल्ट धरून उजवा बाण दाबला की गट होतो, वजाच्या खुणेवर क्लिक केलं की तो मिटतो आणि अधिकच्या खुणेवर पुन्हा उघडतो. ‘जागा’ हा रकाना तेवढा मिटवायचा आणि सामान हलवणाऱ्या मुकादमाला अधिकची खूण दाबायला सांगायचं, असा बेत होता.

“ओळी की रकाने?” संगणकाने विचारलं. हेडक्लार्कनी आजवर काहीही न वाचता सह्या केल्या होत्या. त्यांनी एंटर मारला, वजा दाबला, आणि रकान्याऐवजी चाळीसच्या चाळीस माणसं गायब झाली. घाबरून त्यांनी सुनेची आणखी एक युक्ती केली, कंट्रोल धरून आठ दाबला. तर अधिकची खूणही गेली.

“यादी पाठवलीत का? ट्रक निघालाय,” मागून साहेब म्हणाले.

“हो, पाठवली की,” म्हणत हेडक्लार्कनी ती तशीच पाठवली.

तासाभरात साहेबांना मुकादमाचा फोन आला. “साहेब, यादीत माणूसच नाही. टेबलं अंगणात उतरवलीत. पुढे काय करू?”

सगळं ऑफिस हेडक्लार्कच्या खुर्चीमागे जमलं. टायपिस्टबाई म्हणाल्या, “सरका बघू.” त्यांनी कंट्रोल धरून आठ दाबला. अधिकची खूण हजर.

“आधी चहा घेऊ या का सगळे?” हेडक्लार्कनी सुचवलं.

बाईंनी क्लिक केलं. चाळीस जण आपापल्या जागेसकट उलगडले. पाचव्या ओळीत होतं: हेडक्लार्क, खिडकी.

“खिडकी तुम्ही घेतलीत?” साहेबांनी विचारलं.

“लगेच बदलतो, साहेब.”

“बदलू नका हो. खाली जनरेटर आहे, दिवसभर धूर आणि धडधड. तिथे कोणाला बसवावं, याचाच मला घोर होता.”

“आम्ही परवा नवी इमारत बघून आलो ना,” बाई म्हणाल्या. “तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, यादीचं गुप्त काम आहे.”

मंडळी खुशीत पांगली. हेडक्लार्क हळूच म्हणाले, “बाई, नव्या बाथरूमशेजारी कोण आहे हो?”

“तिथे तुम्ही मला बसवलंय,” बाई टाइप करता करता म्हणाल्या. “आता मी उठायची नाही.”