शून्य तक्रारी

खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत आपल्यालाच बसायला खुर्ची उरलेली नाही, हे तिला बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिल्याच सकाळी कळलं. कपडे कडक इस्त्रीचे होते. फक्त निघता निघता बाळाने डाव्या खांद्यावर दुधाचा शिक्का मारला होता. तो पर्सच्या पट्ट्याखाली दडवून ती हसतमुखाने आपल्या टेबलाशी गेली, तर तिथे एक गोलमटोल गृहस्थ बसलेले. डोक्यावर नवी पाटी : 'ग्राहक आनंद विभाग'.

"या, या! काय आनंद देऊ?" गृहस्थ म्हणाले.

"माझी जागा द्या."

गृहस्थांचा चेहरा पडला. "ताई, ते एचआरच्या मॅडमना विचारा. मला आनंदाबाहेरचं बोलायची परवानगी नाही."

ऑफिसात तिला सगळे 'तक्रारबाई' म्हणत. कुणा ग्राहकाच्या खुर्चीचं चाक अडकलं, हात निखळला, की फोन तिच्याकडे यायचा. समोरचा कितीही तापलेला असो, ती त्याला बोलता बोलता थंड करायची. स्वतः मात्र तिने आजवर तिथल्या चहाचीसुद्धा तक्रार केली नव्हती, आणि तो चहा चांगलाच तक्रारीलायक होता.

एचआरच्या मॅडमनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं आणि आवाजात सायीसारखा मऊपणा आणला. "असं बघा, तुम्हाला कुणी काढलेलं नाही. तुमची जागाच उरलेली नाही."

"मी गेले तेव्हा तर इथंच होती."

"तक्रार विभाग बंद केलाय. आता आपल्याकडे तक्रारी येतच नाहीत. शून्य!"

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. मग दुसरा वाजला.

"मग हे काय?"

"हा आनंद," मॅडम म्हणाल्या.

घरी आल्यावर ती बाळाला कुशीत घेऊन पोटभर रडली. बाळानेही आईला एकटीला रडू दिलं नाही. नवरा मुठी आवळून येरझाऱ्या घालू लागला. "उद्या मी येतो आणि त्या मालकाला चांगला फैलावर घेतो!" ज्याला भाजीवाल्याशी घासाघीस जमत नव्हती, तो मालकाला फैलावर घेणार होता.

"तू गप बस," सासूबाई म्हणाल्या. "अगं, घराबाहेर काढलेलं मांजरसुद्धा दाराशी येऊन एकदा ओरडतं. तुला तर देवाने बोलता येणारं तोंड दिलंय."

"पण आई, मला भांडता नाही हो येत. लोक माझ्याशी भांडतात, मी 'दिलगीर आहोत' म्हणते."

"मग भांडू नकोस. नुसतं विचार."

नणंद कामगारांच्या बाजूने लढणारी वकील होती. तिनेही फोनवरून हेच सांगितलं. "वहिनी, काम खरंच संपलं असेल तर गोष्ट वेगळी. पण तेच काम दुसऱ्याला देऊन वर नुसती पाटी बदलली असेल, तर तुझ्या रजेचा फायदा घेऊन तुला काढलंय. सरळ अपील कर आणि मालकासमोर एवढंच विचार, की माझं काम आता कोण करतं?"

तिने अपील केलं. मालकांनी सुनावणीचा दिवस दिला.

त्या दिवशी बाळाला नवरा सांभाळणार होता. पण बायकोला निश्चिंत वाटावं म्हणून बाळाची गाडी उचलून तो म्हणाला, "बघ, कसं लीलया—" आणि तसाच वाकलेला राहिला. कंबर धरली होती. त्याला पलंगावर आडवं करून, शेक देऊन, शेवटी सासूबाई, बाळ आणि दुपट्यांची पिशवी अशी वरात ऑफिसात पोहोचली. बाळासह सासूबाई बाहेर बसल्या. आत जाणाऱ्या सुनेच्या कानात त्यांनी सांगितलं, "आत रडायचं नाही. बाहेर ते काम करायला हा आहे."

मालक मोठ्या टेबलामागे कंपनीच्या नव्याकोऱ्या उंच खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, मान वर. शेजारी एचआरच्या मॅडम.

"बाई," मालक भारदस्त आवाजात म्हणाले, "कंपनी म्हणजे एक कुटुंब असतं."

फुस्स.

मालक जरासे खाली गेले. मालकांनी कळ ओढून खुर्ची वर घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. "पण कुटुंबालाही कधी कधी कठोर निर्णय—"

फुस्स. या वेळी टाय टेबलावर आडवा झाला.

तक्रारबाईने ओठ गच्च मिटले. हसू पोटातून गळ्यापर्यंत आलं होतं. ते दाबता दाबता वर्षानुवर्षांची सवय तोंडातून निसटली. "साहेब, बसल्या बसल्या लगेच खाली जाते, की हळूहळू?"

"हळूहळू," मालक नकळत बोलून गेले.

"आवाज येतो का?"

"येतो की! फुस्स असा."

"चार माणसांत लाज वाटते?"

"प्रचंड!"

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल कंपनी दिलगीर आहे," ती म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली.

मालकांना मात्र बरं वाटलेलं दिसलं. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मॅडम, या खुर्च्या आपण गावभर विकल्यात! लोकांच्याही अशाच बसतायत का?"

"नाही साहेब. शून्य तक्रारी."

"अहो, खुर्च्या बसल्या की धंदा बसतो! बोलवा त्या आनंदवाल्याला."

मॅडमनी दार उघडलं, तर समोरच आनंदवाले सापडले. बाहेरच्या तसल्याच उंच खुर्चीत बाळाला मांडीवर घेऊन ते बसले होते. खुर्ची वर जायची, फुस्स करून खाली यायची, आणि बाळ खिदळून हातपाय झाडायचं. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

"आजोबा झाला नाहीत अजून, पण जमतंय हो तुम्हाला," त्या म्हणत होत्या.

बाळासकट आनंदवाल्यांना आत आणलं गेलं. मागोमाग सासूबाईही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवायचं धाडसही केलं नाही.

"खुर्च्यांबद्दल फोन येतात का हो?" मालकांनी टेबलाच्या कडेवरून विचारलं. आता त्यांचे फक्त डोळे आणि टक्कल दिसत होतं.

"येतात म्हणजे! सकाळपासून जेवायला उसंत नसते, साहेब."

"मग शून्य तक्रारी कशा?"

"आमच्या विभागात 'तक्रार' हा शब्द लिहायला बंदी आहे ना. खुर्ची खाली बसली असं कुणी कळवलं, की मी लिहितो : 'ग्राहकाला जमिनीची ओढ वाटली.'"

मालकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी छताकडे पाहिलं.

तक्रारबाईला नणंदेचं वाक्य आठवलं. हीच वेळ होती. ती उभी राहिली. "साहेब, मला एकच विचारायचंय. माझं काम आता कोण करतं?"

"मी करतो!" आनंदवाले उत्साहाने म्हणाले. "म्हणजे, जमेल तसं. टेबल यांचं, फोन यांचा. लोक अजून मला म्हणतात, ताईंना द्या. ताई, खरं सांगू? मी रोज तुमची वाट बघत होतो. मला विक्रीत परत जायचंय हो! तिकडे लोक निदान खुर्ची बसायच्या आधी बोलतात."

"पण पदाचं नाव वेगळं आहे," मॅडम क्षीण आवाजात म्हणाल्या.

"अगं बाई!" सासूबाईंना राहवेना. "नाव बदललं म्हणून काम बदलतं होय? लग्नात माझंही नाव बदललं होतं. भांडी तीच होती!"

यावर बाळ एवढ्या जोरात हसलं, की मालकही हसले, आणि हसता हसता टेबलाखाली दिसेनासे झाले. तिथूनच निर्णय ऐकू आला. "जागा आहे. बाईंचीच आहे. उद्यापासून या."

एरवी ती 'आभारी आहे' म्हणून निघाली असती. पण एकदा उघडलेलं तोंड आता मिटायला तयार नव्हतं. "तोंडी नको साहेब, लेखी द्या. जुन्याच पदावर. आणि बाळासाठी मधे घरी जायची सवलत त्यात घाला."

"घाला, मॅडम," टेबलाखालून आवाज आला. "आणि आधी मला वर काढा."

दुसऱ्या दिवशी आनंदाची पाटी उतरली. आनंदवाल्यांनी ती स्वतःच उतरवली, तीही शीळ घालत. नव्या खुर्च्या परत मागवायचं ठरलं, आणि तक्रारबाई दिवसभर गावाची दिलगिरी व्यक्त करत राहिली. इतक्या आनंदाने ती पूर्वी कधी दिलगीर झाली नव्हती.

संध्याकाळी ऑफिस रिकामं होत असताना एचआरच्या मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातातलं पेन उघडत होत्या, मिटत होत्या.

"तुम्ही रागावला असाल माझ्यावर."

"होते. काल संध्याकाळपर्यंत."

"मला एक विचारायचं होतं." मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. "सुरुवातीला... सकाळी मळमळतं, ते किती दिवस चालतं हो?"

तक्रारबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मॅडमचे कान लालबुंद झाले होते. मग तिला जे हसू फुटलं, त्यात पाहता पाहता मॅडमही सामील झाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"अजून साहेबांना सांगितलं नाही. रजेचं विचारायचं म्हणजे... भीती वाटते. तुम्ही याल का माझ्याबरोबर?"

"चला की."

दोघी मालकांच्या खोलीकडे निघाल्या. दारावर टकटक कुणी करायची, यावरून तिथे थोडा वेळ 'तुम्ही, तुम्ही' झालं, आणि शेवटी दोघींनी मिळूनच केली.