रिकाम्या पोशाखाचा अभिनय

सकाळी साडेदहाच्या सुमारास, क्योतोच्या उझुमासा भागातल्या एका स्टुडिओत, महाराणीची दासी स्वतःच्या कपड्यांतून निघून गेली. कपडे जागेवर बसून राहिले.

दासीचं नाव तोमोए हिगाशिदा. वय अठ्ठावन्न. चित्रपटांतल्या दरबारात मागच्या रांगेत बसण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. या चित्रपटात घरोघरी जेवण पोचवणारा एक तरुण हजार वर्षं मागे सम्राटाच्या महालात येऊन पडतो आणि पडद्याआडच्या दासीला विचारतो, "हे कुठलं साल आहे?" त्यावर तिनं म्हणायचं, "फार उशीर केलात." एवढंच. पण आयुष्यातलं पहिलं वाक्य. फुकुचियामा गावात राहणाऱ्या बहिणीनं ते शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दिग्दर्शक ओगिनो यांचा नियम एकच होता. बारा थरांचा पोशाख चढला की कुणी उठायचं नाही. गेल्या आठवड्यात एक बाई उठल्या आणि त्यांचं काम दुसरीला गेलं. म्हणून तोमोएनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पण नायक रेन्जी सगळ्यांसाठी गार चहा घेऊन आला, तिच्यासमोर गुडघे टेकून दोन्ही हातांनी पेला धरून बसला. "ताई, तुम्ही घेतल्याशिवाय मी उठणार नाही." इतक्या मोठ्या नटाला नाही कसं म्हणायचं? तिनं घेतला. त्यानं पुन्हा भरला.

तासाभरानं तिनं पोशाखवाल्या वाकाकोला खुणेनं बोलावलं.

"वाकाको, मला जायचंय."

"कुठं?"

"कुठं काय? जायचंय."

"अगं बये. जेवायच्या सुट्टीपर्यंत नाही का थांबता येणार?"

"चहाला विचार."

वाकाको तीस वर्षांची मैत्रीण. तिनं इकडंतिकडं पाहिलं. हा सगळा डोलारा शेवटी एकाच दोरीवर उभा असतो. ती सोडली की थर एकमेकांना धरून तसेच राहतात आणि माणूस मागून निसटतो, सापानं कात टाकावी तसा. वाकाकोनं दोरी ओढली. आत माईकचा दांडा उभा केला, त्यावर लांब केसांचा टोप चढवला, पुढं पंखा बांधला. वेळूच्या पडद्याआडून पाहिलं तर दासी बसलेलीच होती, किंबहुना जरा जास्तच ऐटीत.

"पाच मिनिटांत ये. तुझा प्रसंग दुपारी आहे."

पण अंगणातलं ऊन तेवढ्यात छपराखाली शिरलं आणि पडद्यावर सोनं सांडल्यासारखं झालं. ओगिनो खुर्चीतून उठले. "आत्ता. या उजेडात. सगळे जागेवर."

तोमोए परतली तेव्हा चित्रीकरण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला होता. अंगात आतला पांढरा सदरा आणि पायांत फरपटणारी तांबडी विजार. ती देखाव्याच्या नक्षीदार लाकडी भिंतीमागं थिजली. हातभर अंतरावर, पलीकडं, तिची पाठ होती. तिच्याशिवाय.

डब्याची पिशवी खांद्याला लावलेला रेन्जी पडद्यासमोर कोसळला. "बाई, हे कुठलं साल आहे?"

पोशाख काही बोलला नाही.

कॅमेऱ्याजवळ उभी असलेली वाकाको पांढरीफटक पडली. रेन्जीच्या कपाळावरून घाम ओघळला. ओगिनोंनी हात वर केला, पण तो वरच राहिला. ते पडद्याकडं टक लावून राहिले.

एकतीस वर्षांचं वाक्य समोरून निघून चाललेलं तोमोएला दिसत होतं. तिनं भिंतीला ओठ लावले.

"फार उशीर केलात."

आवाज लाकडातून आला, खोल, विहिरीतून आल्यासारखा. रेन्जी खरोखरच दचकून मागं सरला.

"कट," ओगिनो हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पापणीसुद्धा हलली नाही. श्वाससुद्धा नाही. इतकी वर्षं या बाईंना मागं बसवून ठेवलं कुणी?"

"आपणच, साहेब," सहायक म्हणाला.

"मग चूक माझी. पडदा वर घ्या. आता त्यांचा चेहरा जवळून."

भिंतीमागं तोमोए फट शोधू लागली. वाकाको पुढं धावली. "साहेब, आधी जेवण? त्या दमल्यात."

"त्यांना उठवू नका. ताट तिथंच न्या. ज्या बाई एवढ्या स्थिर बसतात, त्यांना मी उठवणार नाही."

"मी नेतो," रेन्जी म्हणाला. "माफीही मागायचीय. मी घाबरलो, त्या नाही."

वाकाकोनं वाट अडवून पाहिलं. मोठ्या नटानं ताट नेऊ नये म्हणून ती अडवतेय, असं त्याला वाटलं. पडद्याची कड उचलून तो आत शिरला, मान खाली घालून गुडघे टेकले, ताट खाली ठेवलं आणि त्यातला गार चहाचा पेला दोन्ही हातांनी बाहीसमोर धरला.

"ताई, तुम्ही घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

भिंतीच्या फटीतून तोमोएनं एक हात आत घातला. तो पेल्यापर्यंत पोचेना. पलीकडं ओगिनो सगळ्यांना गप्प राहायला सांगत होते: दोघांमध्ये काहीतरी घडतंय, कॅमेरा चालू ठेवा.

शेवटची खबर मिळाली तेव्हा कॅमेरा चालू होता, आणि रेन्जी वाकलेलाच होता.