पुंडलिकरावांची जीप आणि मोहगावची बस

जुनी गाडी दुरुस्त करणारा माणूस कधी रिकामा बसत नाही. बसून राहतात ती त्याच्या घरची माणसं. सौंसरच्या पुंडलिकरावांकडे पाहिलं की हे सत्य सहज पटे. संत्र्याच्या बगीच्यातून उरलेला सगळा वेळ (आणि हळूहळू बगीच्याचाही) त्यांनी लष्कराने मोडीत काढलेल्या एका जीपला वाहिला होता. ब्याऐंशी साली ती बैलजोडी जुंपून अंगणात ओढत आणली गेली, आणि त्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्यांसमक्ष पत्नीला, देवकाबाईंना, शब्द दिला, "आता मोहगावले तुले जीपीतच नेतो. बसचे धक्के बंद!"

धक्के खरोखरच बंद झाले. मोहगाव देवकाबाईंचं माहेर, तोंडातला विडा संपायच्या आत बसने येणारं. पण दारी जीप असताना बसने जाणं हा जीपचा अपमान ठरला असता. त्यामुळे त्या माहेरी गेल्याच नाहीत.

या छंदाचे फायदे मात्र थोर आहेत. एक तर माणसं जोडली जातात. पांढुर्ण्याचे मिस्त्री मोरेश्वर दर रविवारी येत, इंजिन उघडत, "असं इंजिन आता बनत नाही जी," म्हणून जेवत आणि इंजिन उघडंच ठेवून परत जात. शिवाय ज्ञान वाढतं. अंगणात जमणाऱ्या जाणकारांपैकी पाऊण हिश्श्याचं मत होतं की दोष कार्बोरेटरमध्ये आहे. उरलेल्यांना कार्बोरेटर कुठे असतो ते पाहायचं होतं. (चहा दोन्ही पक्षांना मिळे.) आणि शुद्धतेची गोडी लागते. नवे पार्ट टाकले असते तर जीप चालू झाली असती, पण मग ती जुनी राहिली नसती. म्हणून पुंडलिकराव नागपूरच्या भंगारबाजारातून मूळचेच पार्ट आणत, म्हणजे जे दुसऱ्या जीपमध्ये निकामी ठरले होते ते.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात सासूबाईंचा, केसरबाईंचा, निरोप आला, "डोयात मोतीबिंदू वाढून राहिला. पोरीचं तोंड दिसते तोवर एकदा आणा." पुंडलिकरावांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांनी देवकाबाईंना पोळ्यापर्यंत थांबायला सांगितलं आणि जीपला दुप्पट वेळ देऊ लागले.

पोळ्याच्या सकाळी जीप तयार झाली. देवकाबाई थैली घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. मोरेश्वर म्हणाले, "आता फक्त थोडीशी ओढली का सुरूच!"

ओढायचं काम इतकी वर्षं बैलांचं. पण पोळ्याला बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्याच संध्याकाळी पुंडलिकरावांनी स्वतः हळद-तूप लावून ते खांदे शेकले होते. मुहूर्त काढताना ही बाब कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. राहता राहिलं ढकलणं. अंगणात माणसं भरपूर होती, पण ती जाणकार होती. त्यांनी उतार नेमका कुठे असायला हवा होता ते सांगितलं.

देवकाबाई खाली उतरल्या. "बैलाईले आज सुट्टी हाय ना? मंग मलेबी हाय. मी बसनं चालली."

पुंडलिकराव बसस्टँडपर्यंत मागे धावले. बस निघायच्या बेतात होती. देवकाबाईंनी खिडकीतून शेजारची रिकामी जागा दाखवली. "चाला ना जी. माय तुमालेबी इचारन."

पुंडलिकरावांनी दाराची दांडी धरली. पाय पायरीवर ठेवलाही. मग त्यांना उघडं इंजिन आठवलं. "तू हो पुढं," ते म्हणाले. "मी जीप घेऊन आलोच."

केसरबाईंनी लेकीचं तोंड डोळे भरून पाहिलं. जावई पोचले ते दिवाळीला, बसनेच. तेव्हा सासूबाईंनी त्यांना आवाजावरून ओळखलं.

जीप अजून अंगणातच आहे, आता थोडीशीच राहिली आहे. आपण पाहायला अवश्य या. फक्त निघण्याआधी घरात एक नजर टाका, आपलंही काहीतरी ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणून कोण थैली भरून बसलंय ते. त्यांना आधी बसमध्ये बसवून द्या. आणि शेजारची जागा रिकामी असली, तर जीप पाहायला नाही आलात तरी चालेल.