पन्नास कॅसेटींचे सहाशे बारा श्रोते

फ्रिजदुरुस्तीच्या दुकानात काम करताना तो फ्रिजला कान लावून त्याची घरघर टेप करत बसे, म्हणून मावशीने त्याचं नाव भुंगा ठेवलं. त्या घरघरीवर जुन्या सिंथेसायझरचे ठोके चढवून त्याने मावशीच्या स्वयंपाकघरात तीन कॅसेटी तयार केल्या: ‘कॉम्प्रेसर’, ‘डीफ्रॉस्ट’ आणि ‘दार नीट लावा’. तिन्हींच्या मिळून पन्नास प्रती काढल्या. एक मावशीने ठेवून घेतली, एक दुकानमालकाने भिडेखातर नेली, एक टपालात गहाळ झाली. उरलेल्या सत्तेचाळीस मावशीच्या पलंगाखाली गेल्या.

पुढे एका टेलिफोन कंपनीने, गिऱ्हाइकं ताटकळत असताना वाजवायला म्हणून, त्याची एक धून घेतली. लोक इतका वेळ ताटकळले की धून तोंडपाठ झाली, नाचघरांत वाजू लागली आणि भुंगा मोठा माणूस झाला. तेव्हा ध्वनिवारसा कार्यालयाने त्याची ‘अल्पज्ञात आरंभिक ध्वनिमुद्रणे’ जतन करण्याचा ठराव केला आणि ज्या श्रोत्यांनी ती त्या काळी विकत घेतली होती त्यांना नावं नोंदवायला सांगितलं. सहाशे बारा जणांनी नोंदवली.

भुंग्याला आकड्याचं काही वाटलं नाही. पलंगाखाली ओल आली होती, फितींवर बुरशी धरू लागली होती, आणि फिती वाचवणारं यंत्र त्या कार्यालयाशिवाय कुठेच नव्हतं. मावशीला सोबत घेऊन, खोकं उचलून तो कार्यालयात गेला.

“हे काय?” कारकुनाने विचारलं.

“मूळ प्रती. सत्तेचाळीस आहेत.”

“कशा असतील? मूळ प्रती सहाशे बारा लोकांकडे आहेत. लेखी आहे आमच्याकडे.”

“अहो, पण काढल्याच होत्या पन्नास.”

“कोण म्हणतं?”

“मी. मीच काढल्या.”

“आपण श्रोते आहात?”

“नाही. मी संगीतकार.”

“मग श्रोत्यांची माहिती आपल्याला कशी असणार?” कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि प्रकरण तज्ज्ञ समितीकडे गेलं.

समितीचे अध्यक्ष विद्वान होते. भुंग्याच्या आरंभकाळावर त्यांची दोन व्याख्यानं झाली होती. त्यांनी मुद्दा सोपा करून सांगितला. जी वस्तू दुर्मीळ आहे ती खोकंभर सापडत नाही. ही खोकंभर सापडली. सबब ही नक्कल. तरीही अन्याय नको म्हणून नोंदणीकृत प्रतींशी ताडून पाहायचं ठरलं. सहाशे बारा जणांना पत्रं गेली. उत्तरं झटपट आली. बहुतेकांची प्रत, वाचायला नेलेल्या पुस्तकासारखी, मेहुण्याने नेली होती आणि ती परत आली नव्हती. उरलेल्यांची घर बदलताना हरवली होती. सगळी उत्तरं एकमेकांशी जुळत असल्याने समितीने ती विश्वसनीय ठरवली.

मग मावशीने पिशवीतून आपली कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

“आपण ही ऐकलीत?” अध्यक्षांनी विचारलं.

“पुष्कळदा.”

“काय जाणवलं?”

“पहिल्या बाजूला डोकं दुखतं,” मावशी म्हणाली. “दुसऱ्या बाजूला मधेच मी ह्याला विचारते, ‘जेवायला येतोस का?’ आणि हा म्हणतो, ‘आलोच.’ तेवढं मला आवडतं. तेव्हा हा बोलवल्यावर यायचा.”

भुंगा खाली बघत राहिला. ते वाक्य फितीत आहे हे तो पार विसरला होता.

अध्यक्षांनी नोंदवही चाळली. सहाशे बारा श्रोत्यांपैकी एकाचंही डोकं दुखलेलं नव्हतं. सर्वांना महानगरी एकाकीपणा जाणवला होता. शिवाय ही ध्वनिमुद्रणे शब्दविरहित असल्याचं अध्यक्षांनीच व्याख्यानात सांगितलेलं होतं. जेवणाची चौकशी हा भक्कम पुरावा ठरला: कॅसेटी बनावट. नियमानुसार बनावट प्रती पुसून टाकायच्या असतात.

“हरकत घेता येईल?” भुंग्याने विचारलं.

“घेता येईल की. पण फक्त नोंदणीकृत श्रोत्याला.”

भुंग्याने अर्ज भरला. ‘मी सुरुवातीपासून ऐकत होतो,’ असं लिहिलं. ‘आपली प्रत कुठे आहे?’ या रकान्यापाशी तो अडखळला; मग त्यानेही ‘मेहुण्याने नेली’ असं लिहिलं. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. अर्ज तत्काळ मंजूर झाला, क्रमांक सहाशे तेरा. हरकत सुनावणीला येईपर्यंत मावशीच्या प्रतीसकट सगळ्या कॅसेटी कोऱ्या झाल्या होत्या. पण बुरशी पूर्णपणे काढली होती, आणि तसं प्रमाणपत्रही मिळालं.

घरी परतताना मावशीने विचारलं, “पुन्हा करशील का रे तसलं काही?”

“तशी घरघर आताचे फ्रिज करत नाहीत, मावशी,” तो म्हणाला.

 मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

श्रोत्यांची नोंदवही अजून उघडी आहे. आकडा दोन हजारांवर गेलाय, आणि प्रत्येक जण सुस्कारा टाकून हेच म्हणतो, की भुंग्याचं नंतरचं ठीक आहे, पण सुरुवातीचं काही औरच होतं. आपण अजून नाव दिलं नसेल तर काळजी नको. कार्यालय माणसं ओळखून आहे. आपण कुठल्या तरी बैठकीत हेच वाक्य म्हणणार हे गृहीत धरून आपला क्रमांक त्यांनी राखून ठेवलाय.